मागच्या सीटवरच्या अक्का

अक्कांना किळस फार पटकन यायची. कुणी लिफ्टमध्ये फोनवर मोठमोठ्याने पगार सांगायला लागलं की "शी!", लग्नात कुणी ताटात अर्धं टाकून उठलं की "शी!", आणि कुणी स्वतःच्या प्रामाणिकपणाबद्दल बोलू लागलं तर नुसतंच नाक मुरडून गप्प. हेब्बाळच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर राहायच्या, मी बरोबर त्यांच्या वर. सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेल्या, जन्मापासून बंगळूरच्याच. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नड घुसवून "स्वल्प थांब गं" म्हणायच्या आणि आपण काही वेगळं बोललो हे त्यांच्या गावीही नसायचं. मी पुण्याहून नवी आलेली. माणसांबद्दल इतक्या झटकन वाईट मत करून घेणारी बाई मला आधी मुळीच आवडली नव्हती.

पण त्यांची किळस पक्षपाती नव्हती, हे हळूहळू लक्षात आलं. रस्त्यात पोलिसाने गाडी अडवलेली दिसली की आपण मनात कुणाची तरी बाजू घेऊन मोकळे होतो. अक्का घेत नसत. न बोलता गाडीची किल्लीच काढून घेणाऱ्या पोलिसाचा त्यांना जेवढा संताप, तेवढाच थांबायच्या आधी फोन रोखून शूटिंग सुरू करणाऱ्याचा. "दोघांनाही बोलायचं नसतंच गं," त्या म्हणायच्या. "एकाला किल्ली पाहिजे, दुसऱ्याला लाइक."

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्वतः गाडी चालवणं सोडलं आणि शिवण्णाची टॅक्सी ठरवली. शिवण्णा महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या अथणीकडचा, त्यामुळे मोडकंतोडकं मराठी बोलायचा. त्याला एकच खोड होती, गाडी चालवताना फोनवर बोलायची. अक्का मागच्या सीटवरून ओरडायच्या, "तो फोन गिळून टाक एकदाचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे होतील!" तो हसायचा आणि बोलणं चालू ठेवायचा. त्या त्याच्या मुलीसाठी दिवाळीत चकल्या करून द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडायच्या.

एकदा अक्कांना दवाखान्यातून आणताना असाच तो फोनवर बोलत होता आणि पोलिसाने हात केला. शिवण्णा थोडा पुढे जाऊन थांबला. पोलीस धावत आला, खिडकीतून हात घालून किल्ली काढली, बापाच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे केलं आणि एक मुस्काटात दिली. मग शिवण्णाने त्याचा हात झटकला आणि आईवरून शिवी दिली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बंगळूरच्या फोनवर जो व्हिडिओ फिरला, तो नेमका इथून सुरू होत होता. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून शिवण्णावर गुन्हा दाखल झाला आणि टॅक्सी बंद पडली.

आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मग रोज जुंपायची. "हे ड्रायव्हर लोक माजलेत." "पोलीस काय कमी आहेत?" माणूस जात्यात आणि यांना चघळायला विषय! एवढ्यावर भागेना म्हणून गणपतीतल्या वादविवाद स्पर्धेला हाच विषय ठेवला: चूक कोणाची, चालकाची की पोलिसाची? परीक्षक दरवर्षीप्रमाणे अक्का. त्या गाडीत अक्का होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण एकानेही त्यांना त्याबद्दल विचारलं नव्हतं.

चौथ्या मजल्यावरच्या एका तरुणाला आम्ही सगळे 'वक्ते' म्हणायचो. तो चालकाच्या बाजूने असा बोलला की बायकांनी डोळे पुसले. शेवटी आवाज चढवून म्हणाला, "मी स्वतः तिथे होतो! तो व्हिडिओ माझ्याच हेल्मेटच्या कॅमेऱ्यातला आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबल्यावर अक्कांनी विचारलं, "मग आधीचं कुठे आहे?"

"लांब होत होतं अक्का, म्हणून कापलं."

"मूळचं दे. शिवण्णाच्या वकिलाला देऊ."

वक्त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "आमचं व्हिसाचं चाललंय हो अक्का. पोलिसांत नाव नको." मग ते म्हणाले, "तसंही डिलीट झालंय."

अक्कांनी गुणांचा कागद कोरा परत केला. मंडळाने कप वक्त्यांनाच दिला, फोटो काढले, आणि अक्कांनी कार्यक्रमाचा विचका केला अशी कुजबुज मसालेभातावर चालू राहिली.

साक्षीच्या आधी शिवण्णाची बायको अक्कांच्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "फोनचं तेवढं सांगू नका अक्का." अक्कांनी तिला कॉफी दिली आणि म्हणाल्या, "सांगणार. ते लपवलं तर मारलेलं कोण खरं मानेल?" पोलिसांकडूनही एकजण येऊन गेला. थपडेचं सोडून द्या, म्हणाला. "ते तर मुळीच सोडणार नाही," अक्का म्हणाल्या. त्याला कॉफीही दिली नाही.

कोर्टात अक्कांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. उपयोग झाला नाही. म्हातारी बाई, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, मागे बसलेली. हिला काय दिसणार? अशा शब्दांत सरकारी वकिलाने त्यांची साक्ष उडवून लावली. खेटे घालून थकलेल्या शिवण्णाने शेवटी गुन्हा कबूल करून टाकला. नावावर गुन्हा असलेल्याला कुठली कंपनी गाडी देणार? तो येलहंकाला एका गोदामाच्या गेटवर बसायला लागला. फोनचं सांगितल्याचा राग धरून अक्कांकडे यायचा बंद झाला. अक्का रिक्षाने दवाखान्यात जाऊ लागल्या. मी चिडून काही बोलले तर म्हणाल्या, "त्याला रागवू दे गं. त्याच्या हातात दुसरं काय ठेवलंय आपण?"

यंदा उन्हाळ्यात अक्का गेल्या. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. आणि त्याच रांगेत वक्त्यांनी एक व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं होतं, 'अक्कांच्या सत्यनिष्ठेला आदरांजली.' तो अख्खा व्हिडिओ होता. शिवण्णाच्या कानाला फोन, पोलिसाचा हात, किल्ली, थप्पड, आणि मागच्या खिडकीतून अर्ध्या बाहेर आलेल्या अक्का ओरडताहेत, "सार, मारू नका!" वक्ते आता परदेशी पोचले होते. ग्रुपवर लोक लिहीत होते, 'किती छान आठवण जपलीत!' माझ्या तोंडून "शी!" निघालं.

मी येलहंकाला जाऊन शिवण्णाला गाठलं. अक्का गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने सगळं पाहिलं. अक्कांचा आवाज आला तिथे परत मागे नेऊन पाहिलं. मग डोळे पुसून माझ्याकडे बघत म्हणाला, "हे इतके दिवस कुठं होतं मॅडम?"

"आमच्याकडे," मी म्हटलं.