पिल्लाच्या बरगड्या

आमच्या घराण्यात जनावराची बरगडी दिसणं म्हणजे अब्रू जाणं. माणूस वाळका असला तर कुणी विचारत नसे. मी स्वतः जन्मभर किडकिडीत, त्याचं घरात कुणाला दुःख नव्हतं. पण दावणीच्या बैलाची एक जरी बरगडी लांबून दिसली, तर माझे वडील ताटावरून उठत. ताडकळसच्या बाजारात आमचे बैल उभे राहिले की लोक नुसती पुठ्ठ्यावर थाप मारायला यायचे. जनावर भरलेलं दिसलं पाहिजे, एवढं एकच शास्त्र मी शिकलो. संशय मात्र मला कुणी शिकवला नाही, तो माझा स्वतःचाच. ताकाला चव कमी लागली तरी मी घरातल्या एकेकाच्या तोंडाकडे बघायचो.

जर्मनची लढाई संपून वर्षभर झालं असेल. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतला एक गोरा साहेब आपल्या मुलखात परत चालला होता. त्याच्याकडे मी कधीमधी ज्वारीचा कडबा पोचवत असे. जाताना त्याने त्याच्या कुत्रीचं एक पिल्लू माझ्या हातात ठेवलं. जातीचं नाव त्याने दोनदा सांगितलं, मला एकदाही उच्चारता आलं नाही. मोठं झाल्यावर वासराएवढं होईल, असं त्याने हात कमरेवर ठेवून दाखवलं. घरी येईपर्यंत गाडीत मी एकच विचार करत होतो. एवढं मोलाचं पिल्लू साहेबाने फुकट का दिलं? नक्कीच यात काहीतरी खोट असणार.

पिल्लू मी आखाड्यावर ठेवलं. आखाडा म्हणजे शेतातला आमचा गोठा आणि त्याला लागून दोन खणांची झोपडी. तिथे आमचा सालगडी राहायचा. सालगडी वर्षाच्या बोलीवर असतो, पाडव्याला लागतो आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा ठरतो. हा आमच्याकडे बारा पाडवे ठरला होता. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, कमी बोलणारा, बैलांशी मात्र तासन्‌तास बोलणारा माणूस. आम्ही लिंगायत, मांस आमच्या उंबऱ्याच्या आत येणं शक्यच नव्हतं. त्यामुळे पिल्लाचं सगळं दुधावर आणि भाकरीवर ठरलं. बायको रोज सकाळ-संध्याकाळ चरवी भरून द्यायची आणि सालगडी ती आखाड्यावर न्यायचा.

पिल्लू वाढायला लागलं ते नुसतं वरच्या बाजूला. आठवड्याआड बघावं तर पाय चार बोटं लांब. पंजे भाकरीएवढे, कान लोंबते, आणि मधल्या भागात काहीच नाही. श्रावण लागेपर्यंत त्याच्या बरगड्या मला बांधावरून मोजता येऊ लागल्या. मी सुतळी घेऊन त्याची छाती मापायचो, गाठ मारायचो आणि सुतळी खिशात ठेवायचो. उंची वाढत होती, गाठ मात्र जागची फारशी हलत नव्हती.

मग दूध कुठे जात होतं?

आधी मी बायकोवर नजर ठेवली. चरवीत पाणी घालते का, म्हणून तिच्या नकळत बोट बुडवून चाखलं. तिने ते पाहिलंच.

"आता माझ्यावर आलं का?" ती म्हणाली. "कुत्र्याच्या दुधात पाणी घालून मी काय सोन्याचं कंगन करणार हाय?"

"मी काही म्हणालो का?"

"तुमी म्हणत न्हाई, तुमी बगता. त्येच लय वाईट हाय."

दूध घट्ट होतं. म्हणजे घरातून नीट निघत होतं. उरला आखाडा. मी चरवीच्या आतल्या बाजूला कोळशाने रेघ ओढली आणि सालगड्याच्या मागोमाग दुसऱ्या वाटेने शेतात गेलो. भर सकाळी, पाटलासारखा पाटील, तुरीच्या ओळीत उकिडवा बसलो. मुंग्या चावत होत्या. सालगडी आला, पिल्लाचं वाडगं पुढे ओढलं आणि माझ्याकडे पाठ करून खाली बसला. दूध ओतलं की प्यायलं, काही दिसेना. उठला तेव्हा धोतराच्या सोग्याने त्याने तोंड पुसलं. एवढं मला बस झालं. घाम पुसला असेल, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पिल्लू का भरत नाही रे?"

"वाढीचं हाय मालक," तो म्हणाला. "हाडं लांब व्हायलीत. ह्या अंगाचं जनावर आदी असंच ऱ्हातं, मांस मागून येतं. माझा बाप मेंढरामागं फिरायचा, त्याच्याकडं असली दोन कुत्री होती. त्येला भरवायच्या नादी लागू नका."

उत्तर इतकं तयार होतं की माझा संशय पक्का झाला. चोरालाच पहिल्यापासून उत्तर माहीत असतं, असं मी माझ्या मनाला समजावलं. आणि भरवू नका म्हणतोय, म्हणजे काय?

मग पोळा आला. आमचे बैल झुली घालून, शिंगं रंगवून वेशीत उभे राहिले, तेल पाजल्यासारखे चमकत होते. त्या बैलांना असं करणारा माणूस त्यांचा कासरा धरून बाजूलाच उभा होता, हे मला तेव्हा दिसलं नाही. पिल्लू त्यांच्या मागे आलं, लांब पायांत पाय अडकवत. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मालकाचे बैल पुरणपोळी खायलेत, आन कुत्रं एकादशी धरायलंय!" सगळी वेस हसली. मीही हसलो. पण माझे कान तापले होते.

तिसऱ्या दिवशी मी सालगड्याला महादेवाच्या देवळात बोलावलं. गावातली चार वडीलधारी माणसं बसवली आणि त्याला बेलभंडार उचलायला लावला. हातात बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा घेऊन देवासमोर बोललेला शब्द आमच्याकडे शेवटचा. त्याच्यापुढे कुणी काही विचारत नाही. जमिनीच्या बांधासाठी, खुनाच्या आळासाठी लोक बेलभंडार उचलतात. मी तो कुत्र्याच्या दुधासाठी उचलायला लावला.

त्याने गाभाऱ्याला हात जोडले. मग म्हणाला, "मालक, बारा सालं तुमच्या बैलाची पेंड माझ्या हातानं जायलीय. मूठभर कदी इकडची तिकडं केली न्हाई. आन आता कुत्र्याच्या तोंडचं काढलं म्हणता?"

"मग उचलायला काय हरकत आहे?"

त्याने पान उचललं. थेंबभर दूधही आपल्या पोटात गेलं नाही, असं बोलला. वडीलधारी माणसं उठली. एकजण जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "झालं का समाधान?" झालं नव्हतं. माणूस पोटासाठी खोटी आणही घेतो, असं मला वाटत राहिलं.

सालगड्याजवळ शेत नसतं, बैल नसतात. भरवशाचा माणूस हे एकच नाव त्याच्याजवळ असतं. त्याच्यावरच त्याला दरसाल कुणीतरी ठेवून घेतं. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी पुढचं केलं, म्हणून ते सांगायला हवं.

पिल्लू मी घरी आणलं आणि त्याचं खाणं स्वतःच्या हाती घेतलं. पोळ्याच्या आधी बैल तयार करतात तसं मी ते तयार करायला लागलो, मला दुसरी रीतच माहीत नव्हती. उडदाच्या पिठाची खीर, गूळ, वाटीभर तूप, दोन्ही वेळेला तांब्याभर दूध, वर कालवलेली भाकरी. खात नसलं तर पुढ्यात बसून गोळे करून भरवायचो. बायको म्हणाली, "पोटच्या पोरांना कदी असा घास दिला न्हाई तुमी." मी तिलाही गप्प केलं. दिवाळीपर्यंत बरगड्या बुजल्या. पाठ रुंद झाली, पोट गोल झालं, सुतळीची गाठ वीतभर पुढे सरकली. मला झालेला आनंद मी लपवणार नाही. पोरगं वयात आलेल्या बापासारखा मी त्याला मिरवायला लागलो.

एक दिवस मी त्याला चावडीवर नेलं. पाच-पंचवीस माणसं बसली होती. सालगडीही तिथेच होता, बैलाच्या नालासाठी लोहाराची वाट बघत उभा. लोक पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवायला लागले. कुणीतरी विचारलं, "मालक, हे एकदम भरलं कसं?"

मी म्हणालो, "आखाड्यावरून घरी आणलं ना! आता कळलं, आधी दूध कुणाच्या पोटात जात होतं ते."

म्हणालो हसत. पण पिल्लाच्या पाठीवरचे हात मागे गेले. बेलभंडारानंतर हा शब्द काढला, म्हणजे समोरचा देवासमोर खोटं बोलला असं चारचौघांत सांगितलं. सालगड्याने लोहाराची वाट बघितली, नाल घेतले आणि गेला. त्यानंतर आखाड्यावरून सगळं काम वेळेवर होत राहिलं. मालक हा शब्द मात्र त्याच्या तोंडून क्वचितच यायचा. त्या गप्प बसण्याचाही मला संशय यायचा.

मार्गशीर्षात पिल्लाचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकायला लागले. आधी वाटलं, उभं राहण्याची ढब असेल. मग मनगटाशी गाठी आल्या. मग एका सकाळी ते उठेचना. उठवायला गेलो तर कळवळलं आणि माझाच हात चाटायला लागलं. क्षणभर विषाचाही संशय आला, आणि तो कुणावर आला हे सांगायची मला आज लाज वाटते.

परभणीला सरकारी जनावरांचा दवाखाना होता. पहाटे गाडी जुंपली. गाडी हाकायला सालगडीच होता, दुसरं कोण असणार? त्याने आपली घोंगडी पिल्लाखाली अंथरली आणि सबंध वाट गचका बसेल तिथे उतरून बैल हाताने धरून चालवले. पोचेपर्यंत दुपार झाली.

डॉक्टर म्हातारा मुसलमान होता, चष्म्याच्या एका दांडीला दोरा बांधलेला. त्याने पिल्लाचे पाय दाबून पाहिले, पोटावर हात ठेवला आणि वर बघून विचारलं, "इत्ता किसने खिलाया?"

मी काय काय खाऊ घालतो ते सांगितलं. सांगताना थोडा अभिमानच होता.

"पहलवान बनाने चले थे क्या?" तो म्हणाला. "हड्डी अभी कच्ची है, और तुमने ऊपर से बोझा चढ़ा दिया. ये जात का पिल्ला साल-डेढ़ साल दुबलाच रहना. पहले कैसा था?"

"बरगड्या दिसत होत्या."

"बस, वोच अच्छा था." मग त्याने गाडीपाशी उभ्या सालगड्याकडे बोट केलं. "ये नहीं बोला तुमको? देहाती लोगां को मालूम रहता."

सालगडी पिल्लाच्या कानामागे खाजवत होता. त्याने मान वर केली नाही.

दूध-तूप बंद झालं. पिल्लू महिनाभराने उठून चालायला लागलं. पण पाय वाकडे ते वाकडेच राहिले. पुढे ते खरंच वासराएवढं झालं आणि आठ वर्षं लंगडत जगलं.

परभणीहून आल्यापासून मला एक वाक्य बोलायचं होतं. मी रोज आखाड्यावर जायचो, बैल बघायचो, कडब्याची गंज बघायचो आणि परत यायचो. शेवटी पाडव्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, आसपास कुणी नाही असं बघून मी त्याच्याजवळ गेलो. तो कासरा वळत होता.

मी म्हणालो, "माझं चुकलं. दूध कुणी घेतलं नव्हतं. मी उगाच तुझ्यावर आळ घेतला."

त्याने कासऱ्याला गाठ मारली. मग शांतपणे म्हणाला, "मालक, चोर म्हणलाव चावडीवर. आन माफी आखाड्यावर मागायलाव?"

मी कडब्याच्या गंजीकडे बघायला लागलो.

"उद्या पाडवा हाय. चावडीवर समदे असतेत. तितं येवडंच म्हणा. मी ह्या सालीबी ऱ्हातो, म्होरच्या सालीबी ऱ्हातो. न्हाई म्हणलाव तर मला जावं लागंल. पण जाऊन तरी कुटं जाऊ? पूर्णेपतोर समद्यांना म्हाईत झालंय, बेलभंडार उचलून खोटं बोललेला गडी हाय म्हून."

मी हो म्हणालो. खरंच म्हणायचं होतं.

पाडव्याला सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो, कपाळाला भस्म लावलं आणि चावडीकडे निघालो. माणसं जमली होती. तो भिंतीला टेकून उभा होता, त्याने नवी टोपी घातली होती. ती नवी टोपी बघून माझ्या मनात आलं, हा तर तयारीनं आलाय. गावासमोर मला खाली बघायला लावायचं, हा याचा पहिल्यापासूनचा डाव तर नसेल?

मी लोकांना रामराम केला, पावसापाण्याचे चार शब्द बोललो आणि घरी आलो. दुपारी आखाड्यावर गेलो तर झोपडी सारवून ठेवली होती. बैलांपुढे वैरण होती, हौद भरलेला होता. तो गेला होता.