औशातलं वीतभर खाली गेलेलं दार

आमचे हे गवंडी होते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. फार पूर्वी एकदा औशाहून काम संपवून आले, तेव्हा म्हणाले, "जुन्या घरात ऑफिसं काढलीत. दारं बुटकी. मालक म्हणला, वरची नक्षी तोड. मी नक्षीला हात लावला नाही, खालची जमीन खणून दारच खाली घेतलं."

मी भाकरी थापत हसले. "गवंड्याचं कोण ऐकतंय? काहीतरी सांगता."

त्यांनी ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. ते खरं होतं का, एवढंच बघायला मी मागच्या महिन्यात एकटी निघाले.

कंधारहून सकाळची एसटी, अहमदपूरला बदलून लातूर. बायकांना अर्धं तिकीट आहे. खिडकी उजवीकडची धरा, डावीकडून ऊन येतं. लातूरला स्टँडसमोर गरम सुशीला खाल्ली. भिजवलेल्या मुरमुऱ्यांवर दाण्याचा कूट, पोट छान भरतं. तिथून औसा अर्ध्या तासावर. घर बाजारातच आहे. सुटीच्या दिवशी जाऊ नका, कुलूप असतं.

मोठ्या दरवाजाच्या आत, जिथं पूर्वी राखणदार बसत असेल, तिथं झेरॉक्सचं मशीन. पुढं उघडा चौक. चारी बाजूंनी सागवानी खांब, खांबांच्या मध्ये काचा लावून वकिलांच्या, विमावाल्यांच्या खोल्या केलेल्या. दिव्याच्या कोनाड्यांत फायली. चौकातलं ऊन आणि कॉम्प्युटरचा निळा उजेड खांबांवर एकमेकांत मिसळत होता. टायपिंगची टकटक ऐकून वाटलं, आतल्या खोलीत कुणी छिन्नी चालवतंय.

मग दारं बघू लागले. पहिल्या दाराची वरची पट्टी सरळ कापलेली, वर सिमेंट. दुसऱ्याचीही तशीच. तिसऱ्याचीही. एकावरही नक्षी उरली नव्हती. मान वर करूनच कोपऱ्यावर वळले आणि पायाखालची जमीनच गेली.

"मावशी, पायरी हाय तिथं!" झेरॉक्सवाले सलीमभाई ओरडत आले. तोवर माझा अंगठा ठेचला होता.

"कोण्या शहाण्यानं करून ठेवलंय हे! रोज एक माणूस पडतंय."

आतल्या वकीलबाई म्हणाल्या, "पण डोकं तर न्हाई आपटत, चाचा."

मी खाली बसले. उंबरा आणि जमीन वीतभर खाली उतरवलेली, चौकटीची वरची बाजू होती तिथंच. वरच्या पट्टीवर वेल आणि दोन पोपट, एक चोचसुद्धा तुटली नव्हती.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"नांदेडकडचा गवंडी होता. मालकासंगट दोन दिस भांडला. म्हणला, तोडायचं असलं तर दुसरा माणूस बघा. मग ह्यो कोपरा त्याला दिला, बाकीची दारं दुसऱ्यानं तोडली. लई हट्टी माणूस."

"आमचेच हे होते ते."

सलीमभाईंनी टोपी काढली, परत घातली. "आवो, मग बसा की! चहा सांगतो. शहाणा म्हणलो, ते मनावर घिऊ नका."

चहा पिताना आणखी एक अशील त्या पायरीवर अडखळला आणि बांधणाऱ्याला शिवी दिली. वकीलबाई माझ्याकडं बघून ओशाळल्या. मी मात्र कित्येक दिवसांनी पोट धरून हसले.

संध्याकाळी घरी आले. मुलानं विचारलं, "आई, आहे का दार?"

"आहे," म्हटलं.

ज्यांना सांगायला हवं होतं, ते ऐकायला नाहीत. अंगठ्याचं नख काळं पडलंय, चालताना दुखतं. दुखू दे.