भज्यांची बशी

तापल्या शेंगतेलाचा वास आला की साताऱ्याच्या मोटारअड्ड्याजवळचं ते हॉटेल आठवतं. लढाईचे दिवस होते. आमचे मालक पलटणीत, रजा संपवून परत मिसर देशाला निघालेले. दोन्ही पोरांना घेऊन मी मेढ्याहून त्यांना पोचवायला आले होते. मोटार सुटायला अवकाश होता, म्हणून ह्यांनी आम्हाला हॉटेलात नेलं. तोवर मी हॉटेलाची पायरी चढले नव्हते. बाकांवर सगळे पुरुष. मी पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसले. कांदाभजी आली तशी पोरं फुंकर मारत खायला लागली. ह्यांनी दुसरी बशी माझ्यापुढं सरकवली. “तिकडं बायका-पोरं समदी एका टेबलावर जेवत्यात. मी आपला लांबनं बघत बसतो. आज तू आदी खा.” “आवं, तुमच्या आदी मी कशी खाऊ? तुमी घ्या.” “तू घेतल्याबिगर मी न्हाई घ्यायचा.” ते हट्टी, मी त्यांच्याहून हट्टी. दोघं एकमेकांकडं बघून हसत बसलो, आणि मोटारीचा भोंगा वाजला. ट्रंक खांद्यावर टाकून हे उपाशीच पळाले. भजी धाकट्यानं संपवली. हे परत आले नाहीत. आता नातवंडं मला हौसेनं हॉटेलात नेतात. बशी टेबलावर टेकायच्या आत मी पहिला घास तोंडात टाकते. पोरं हसतात, म्हणतात, “आजीला जरासुद्धा दम निघत नाही.”