गौरीच्या टाळूतली किल्ली

"वरचा जबडा अरुंद आहे. दात वाकडे आलेत ते त्यामुळेच," डॉक्टर म्हणाल्या आणि मला एकदम हुरूप आला. निदान ऐकून लोकांना घाम फुटतो. मला वाटलं, चला, चोर सापडला.

गौरी, माझी मुलगी, तेव्हा अकरा वर्षांची. तिचं नाक कायम चोंदलेलं, तोंड कायम उघडं. जेवताना तोंड मिटलं की जीव गुदमरायचा, म्हणून उघड्या तोंडानंच मचमच जेवायची. मैत्रिणी हसल्या तेव्हापासून शाळेचा डबा भरलेलाच घरी यायला लागला. थंडीत आमच्या नशिराबादला शेताशेतांत भरीत पार्ट्या होतात. तिथंही ती यायची नाही.

नाकाच्या डॉक्टरांची तपासणी झाल्यावर जळगावच्या या दातांच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला: रॅपिड पॅलेटल एक्सपान्शन. म्हणजे टाळूला धातूचं यंत्र बसवायचं, त्याच्या मधोमध स्क्रू. तो रोज किल्लीनं जरासा फिरवला की टाळूचा मधला सांधा हळूहळू उघडतो, जबडा रुंदावतो.

"या वयात सोपं जातं. हाड पक्कं झालं की बहुधा ऑपरेशनच लागतं," त्या म्हणाल्या. "श्वास सुधारेलच, असं मी लिहून देणार नाही. समोरच्या दातांत फट मात्र पडेल. घाबरू नका, ती पडली की समजा काम होतंय."

किल्ली फिरवायचं काम मी मागून घेतलं. ठिबकची फिटिंग करण्यात माझं आयुष्य गेलंय; स्क्रू म्हटलं की हात शिवशिवतात.

सुरुवात जड जाते, हे तुम्हालाही सांगून ठेवतो. लाळ गळते, बोलणं बोबडं होतं, भाकरी यंत्रात अडकते. गौरी वरणभातावर राहिली, पण किल्लीच्या वेळी स्वतःच आ करून बसायची. मी रोज टॉर्च लावून बघायचो. फट काही पडेना. हिचं हाड आत्ताच पक्कं झालं की काय, या धास्तीनं माझा घास गोड लागेना.

तपासणीला डॉक्टरांनी मलाच किल्ली फिरवायला लावली.

"आणि हे आता काय केलंत?"

"थोडी मागे घेतली."

व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की जाम होऊ नये म्हणून जरा मागे घ्यायचा, ही आम्हा फिटर लोकांची सवय. डॉक्टरांना हसू आवरेना. "अहो भाऊ, पुढे नेलेलं रोज परत आणताय तुम्ही! किल्ली पूर्ण घशाच्या बाजूला ढकला, स्क्रूचं पुढचं भोक दिसलं की तशीच अलगद काढा."

मग मात्र एका सकाळी गौरी आरशासमोरून नाचतच आली. फट! मी पेढे आणले. देवपूरहून आलेल्या तिच्या आजीनं, अक्कांनी, कपाळाला हात लावला. "पोरना दातस्मा येवढी फट पडी गई, आते कसं व्हई?" मी म्हटलं, अक्का, आधी पेढा घ्या.

ती फट पुढे आपोआप बरीचशी मिटली. नवं हाड भरेपर्यंत यंत्र काही महिने तसंच राहिलं, आता तारा लागल्यात. आणि आमच्या नशिबानं नाकही मोकळं झालं.

यंदा भरीत पार्टीला गौरी स्वतःहून आली. वांगी अजून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजत होती, तर म्हणाली, "पप्पा, वास येतोय." पंगतीत सगळ्यांच्या मधोमध बसली. तिनं पहिला घास घेतला तसं अक्कांनी विचारलं, "कसं शे वं भरीत?"

गौरीनं बोट वर करून थांबायची खूण केली. तोंड मिटून, सावकाश चावत राहिली. आम्ही सगळे हातातला घास तसाच धरून तिच्या उत्तराची वाट बघत बसलो.