पाठ टेकायची नाही

हे बायकोलासुद्धा ठाऊक नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो तरी तोंडातून दुसरंच काहीतरी पुटपुटतो. आज तुमच्यापुढे जीभ का सुटतेय, तेही सांगेन, पण शेवटी. आधीच सांगितलं तर तुम्ही पुढचं ऐकून घ्याल का? मी तुमच्या जागी असतो तर नसतं घेतलं.

माझं काम तसं साधं आहे. साताऱ्यात एका गोडाऊनच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये आमचा क्लब आहे. एमएमए शिकवतो. म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, सगळं एकाच पिंजऱ्यात. फौजेत असताना शिकलो, गुडघा गेला म्हणून परत आलो. स्वतः फारसा लढलो नाही, पण लढणारा माणूस पाहून सांगतो. याचा कुठला खांदा आधी हलतो, दम कुठे तुटतो, मार बसला की डोळे मिटतो का. पोरं म्हणायची, सरांची नजर म्हणजे एक्स-रे. आणि मला या नजरेचा लय — माफ करा, फार गर्व होता.

आमच्याकडे एक रीत आहे. लढतीच्या आधी सगळे गादीवर गोल बसतात, लढणारा मधे बसतो, आणि मी त्याची ताकद काय आणि कच्चं काय ते मोठ्याने सांगतो. सगळ्यांसमोर. मागाहून कुणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं.

इरफान म्हसवडचा. त्याचे वडील रफिकचाचा गाद्या शिवतात. आमच्या शेडमधल्या गाद्याही त्यांनीच शिवून दिल्या, पोरगं इथं आपटणार म्हणून दुहेरी टाके घालून. इरफान लहानपणापासून त्यांच्याबरोबर दाभण ओढायचा, त्यामुळे त्याने मनगट धरलं की सोडवून घेताना घाम फुटायचा. मातीतला पैलवान. समोरच्याचा पट कधी काढला, पाय ओढून कधी पाडलं हे बघणाऱ्याला कळायचं नाही, आणि खालच्याला तर नाहीच. तो माझ्याकडे स्वतःहून आला. म्हणाला, ‘‘दादा, मला ह्यातलं कायबी येत न्हाई. तुमी सांगाल तसं करीन.’’

तुमी सांगाल तसं. हे शब्द त्याने शेवटपर्यंत पाळले.

पण आमची ओळख त्याआधीची. मी फौजेत जायच्या आधी कुस्ती करायचो. सातारा जिल्ह्यातल्याच खंडाळ्याकडे आमचं गाव, गावच्या जत्रेत माझी कुस्ती लागली ती याच इरफानशी. मिसरूड फुटत होतं त्याला तेव्हा. त्याने मला उचललं आणि अस्मान दाखवलं — अख्ख्या गावासमोर. एवढ्यावर भागलं असतं तर मी विसरलोही असतो. पण माझे वडील उठले, मैदानात आले, आणि डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी त्याच्या डोक्याला बांधला. ‘‘ह्येला म्हणत्यात पैलवान,’’ म्हणाले. मी पाठीची माती झाडत बाजूला उभा होतो. माझ्याकडे त्यांनी पाहिलंदेखील नाही.

वडील गेले. तो फेटा इरफानच्या घरी आहे, कपाटात घडी घालून ठेवलाय. मला त्याने कौतुकाने दाखवला होता.

आता मूळ गोष्टीकडे यायला हवं. किती वेळ इकडेतिकडे फिरू?

कुस्तीत दोन्ही खांदे जमिनीला लागले की संपलं. त्यामुळे मातीतला पैलवान पडता पडता पालथा होतो. विचार करून नव्हे, अंगच वळतं त्याचं. पाठ लागली तर तोंड दाखवायला जागा नाही, हे हाडात मुरलेलं असतं. पण पिंजऱ्यात पाठ टेकल्याने कुणी हरत नाही. उलट उताणं पडलं तर वरच्याला पायांनी धरून ठेवता येतं, हात मोकळे राहतात. पालथं पडणं म्हणजे स्वतःची पाठ आणि मान समोरच्याच्या हवाली करणं. कुस्तीतून आलेल्या माणसात मी पहिल्यांदा हेच पाहतो, आणि पहिल्यांदा हीच खोड मोडतो. महिनोन्‌महिने उताणं झोपवून. पैलवान रडकुंडीला येतात, शिव्या देतात, मग शिकतात.

इरफानची ही खोड मला पहिल्याच दिवशी दिसली होती.

सांगलीच्या लढतीआधी तो गादीवर मधे बसला. मी सुरू केलं. हनुवटी वर राहते, ती खाली घे. ठोसा मारताना डावा हात पडतो. शेवटच्या राउंडला दम कमी पडतो, पळायला जा. सगळं खरं. तो मान हलवत होता, आणि बाकीची पोरं त्याच्याकडे जशी बघत होती ना, तसं माझ्याकडे कधीच कुणी बघितलं नाही. फेटा आठवला. पुण्याचा एक मोठा क्लब त्याच्यावर डोळा ठेवून आहे हेही कानावर आलं होतं. आणि मी म्हणालो —

मी म्हणालो, ‘‘तुझी पाठ कुणी टेकवू शकत नाही, इरफान. पडलास की पालथा हो. हीच तुझी खरी ताकद.’’

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

जीभ घसरली असं समजू नका. मला नीट माहीत होतं मी काय सांगतोय. त्याचं सगळ्यात कच्चं होतं ते मी ताकदीत घातलं. मला वाटलं, एकदा हरावा. एकदा, सगळ्यांसमोर. त्यानंतर मी शिकवलंच असतं की. असं स्वतःला तेव्हा समजावलं, आणि कितीतरी दिवस समजावत राहिलो. हरणं कुठे थांबवायचं ते आपल्या हातात असतं का?

समोर बेळगावकडचा एक उंच, काटकुळा मुलगा होता. पहिला राउंड इरफानने जिंकला. दुसऱ्यात त्याचा पाय घसरला आणि तो पडला. पडता पडता पालथा झाला, मी सांगितलं होतं तसा. तो मुलगा पाठीवर चढला, पाय कमरेत अडकवले, हात गळ्याखाली सारायला लागला. आणि इरफानने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी कोपऱ्यात, जाळीला लागूनच. एक शब्द पुरला असता. उताणा! एवढा एकच. का नाही ओरडलो? हरावा म्हणून? नाही, तेव्हा ते मनातून गेलं होतं, देवाशपथ गेलं होतं. पण उताणा म्हणालो असतो तर मागे बसलेल्या आमच्याच पोरांना कळलं असतं की सरांनी गादीवर सांगितलं ते उलटं होतं. एवढ्यासाठी माझं तोंड मिटलेलं राहिलं.

माझ्याकडून काही आलं नाही तेव्हा त्याने पैलवानाने करावं तेच केलं. पाठीवरच्या माणसासकट उठायला गेला. अर्धा उठला. मग गुडघा मुडपला आणि दोघांचा भार घेऊन तो डोक्यावर आला.

तो आवाज मी सांगणार नाही.

मानेतली नस दुखावली. तो वाचला, चालतो, बोलतो, हसतोही. पण डाव्या हाताची मूठ वळत नाही. मिरजेच्या दवाखान्यात रफिकचाचांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, ‘‘तुमी संगं हुता म्हणून माझं पोरगं वाचलं. तुमचं उपकार कसं फेडू?’’ मी त्यांना हात धरू दिले. वर धीरही दिला. किती निर्लज्ज असावं माणसाने? अधूनमधून मी म्हसवडला जातो. इरफान उजव्या हाताने दाभण खुपसतो आणि दोरा दातात धरून ओढतो, कारण डाव्यात धरवत नाही. चाचा तोंड फिरवून दुसरीकडे बघतात. मी चहा पिऊन येतो.

आणि तो मलाच विचारायचा, ‘‘दादा, माझं चुकलं कुठं?’’ दरवेळी मी म्हणायचो, ‘‘तुझं काही चुकलं नाही, नशीब.’’

आता तो शेडमध्ये शिकवायला येतो. मीच बोलावलं. क्लबची पोरं म्हणतात, सरांचं मन मोठं. ऐकताय ना?

परवा स्वप्नाली गादीवर होती. माण तालुक्यातली, शाळेपासून कुस्ती केलेली मुलगी, थोड्याच दिवसांत तिची पहिली लढत आहे. इरफान तिला पडायला लावत होता आणि प्रत्येक पडण्याला पालथं करत होता. मी दाराशी उभा. आणि तो म्हणाला, अगदी माझ्या सुरात म्हणाला, ‘‘पाठ टेकायची न्हाई, पोरी. हीच तुजी खरी ताकद. मला सरांनी सांगितलंय.’’

तिच्या मानेकडे बघवेना.

मी बूट न काढताच गादीवर गेलो. सगळ्यांसमोर उताणा पडलो, दोन्ही खांदे टेकवून, वरचे पत्रे बघत. स्वप्नालीला म्हणालो, ये, चढ अंगावर. ती बावरली, पण आली. पायांनी तिला कसं धरायचं, हात कसे मोकळे ठेवायचे, सुटून वर कसं यायचं, सगळं दाखवलं. पुन्हा पुन्हा दाखवलं. गुडघा ठणकत होता तरी थांबलो नाही. जे इरफानला शिकवायला हवं होतं ते सगळं.

इरफान बघत होता. पट्टीचा लढवय्या तो, त्याला एकदाच बघावं लागतं. त्याचा उजवा हात डाव्या हातावरून फिरत होता, नुसताच. मग तो माझ्याजवळ आला, मला उठवायला हात पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘एवढंच हुतं व्हय, दादा? आपल्याला हे तवा म्हाईत असतं तर...’’

मी त्याचा हात धरून उठलो आणि पुन्हा स्वप्नालीकडे वळलो.

आपल्याला, म्हणाला तो. मला धरून. त्याच शब्दापायी आज तुमच्यापुढे जीभ सुटली; त्याच्यापुढे अजून नाही.

तुला माहीत नव्हतं, इरफान. मला होतं.