जड चाप

आमच्या सासऱ्यांनी उभं आयुष्य पोलिसांच्या शस्त्रागारात हत्यारं दुरुस्त करण्यात घालवलं, आणि त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूस दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे-पलीकडे झाला नसेल. झुरळ दिसलं तरी ते सासूबाईंना हाक मारत. पण चापाचा विषय निघाला की पेटलेच! रिव्हॉल्वरचा चाप जड, दर गोळीला बोटाने पूर्ण ओढावा लागतो. पिस्तुलाचा घोडा एकदा चढला की चाप इतका हलका, की जरा जोर पडला तरी सुटतो. "पोलिसाच्या हातात जडच हवा," हे त्यांचं वेदवाक्य. बटण दाबताच फटकन उघडणारी छत्री त्यांना पिस्तूल वाटे, म्हणून ते दोन्ही हातांनी ढकलायची जुनी छत्री वापरत आणि ती उघडेपर्यंत चिंब भिजत. "हिचा घोडा कायम चढवलेला," असं ते सासूबाईंबद्दल म्हणत, अर्थात त्या भाजीला गेल्यावरच. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही. अडकित्ता आणि सुपारी पुढे केली. मी घाबरून इतक्या हळू कातरली की पोहे गार झाले. "घाई नाही पोराला," म्हणाले, आणि लग्न ठरलं.

ऐंशी सालानंतर तरुण फौजदारांत चाप हलका करून घ्यायची टूम निघाली. मढला सिनेमाच्या शूटिंगच्या बंदोबस्ताला जाऊन, हीरोला झटक्यात गोळ्या झाडताना बघून आला की प्रत्येक जण शस्त्रागारात हजर. "काका, जरा स्प्रिंग नरम करा ना." सासरे रिव्हॉल्वर ठेवून घेत, तेल घालून पुसत आणि दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं परत देत. साहेब चाप ओढून म्हणत, "झकास! लोण्यासारखा झाला!" हे गुपित फक्त मला ठाऊक होतं, कारण माझ्या तोंडाचा चापही जड आहे असा त्यांचा समज होता.

त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना माझा मेहुणाच फौजदार झाला आणि तीच मागणी घेऊन आला. "बाबा, मी चाप ओढत बसेन आणि समोरचा आधी मारेल. वाट लागेल माझी!" त्या दिवशी सासरे जेवले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "याचं खरं निघालं तर?" इतक्या वर्षांत त्यांना प्रथमच शंका आली होती. दोन दिवसांनी त्यांनी रिव्हॉल्वर परत दिलं. "काय केलंत?" मी विचारलं. "तेल घातलं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यानंतर मेहुणा ड्यूटीवर गेला की तो परत येईपर्यंत ते दारातच बसून राहत.

एका दुपारी मेहुणा घरी आला तो भिंतीला टेकून खालीच बसला. मालाडच्या बाजारात त्याने एका फरारी आरोपीवर रिव्हॉल्वर रोखलं होतं, आणि त्या माणसाने खिशात हात घातला होता.

"चाप अर्ध्यावर आला होता, बाबा. तेवढ्यात बघतो तर त्याच्या हातात रुमाल. रडत होता हो तो. आणि आरोपी तो नव्हताच, नुसता तसा दिसत होता." मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही काही केलंच नव्हतं ना?"

"आधी पाणी पी. घाई कसली रे तुका?" सासरे एकदम मालवणीवर येऊन म्हणाले. पण तांब्या द्यायच्या घाईत त्यांनीच अर्धं पाणी सांडलं.

आता सासरे नाहीत. अडकित्ता माझ्याकडे आला आहे. घरात कुणावर ओरडायची वेळ आली की मी तो घेऊन बसतो. सुपारी कातरून होते तोवर राग गेलेला असतो, आणि मला त्यांची फार आठवण येते.