लाल ठिपका आणि दिल्लीचा मसुदा

भोरच्या एसटी स्टँडजवळ माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. बाईचं दुकान म्हणून सुरुवातीला लोक वाकून बघायचे, आत मात्र कुणी यायचं नाही. एकाने दारातूनच विचारलं, "मालक कुठायत?" मी म्हटलं, "मालकच बोलतायत. टीव्ही आणलाय का नुसतं तोंड?" माझा स्वभाव तेव्हाही असाच होता, त्यामुळे होतं नव्हतं ते गिऱ्हाईकही गेलं.

पहिला टीव्ही आणून दिला तो वेल्ह्याच्या गाडीवरच्या ड्रायव्हरने. गोधडीत गुंडाळून, स्वतःच्या सीटमागे ठेवून त्याने तो घरून आणला होता. "पोरी, ह्यो बोलतो पन दिसत न्हाई. बग जमतंय का. न्हाई जमलं तर तसाच दे, म्या काय रागवनार न्हाई." संध्याकाळच्या फेरीला तो टीव्ही बोलत आणि दिसत परत गेला. पुढच्या आठवड्यात त्या गाडीतून उतरणारे लोक माझं दुकान विचारत यायला लागले. गाडी चालवता चालवता या माणसाने माझी जाहिरात केली होती, आणि मला त्याबद्दल एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

माझं हे शिक्षणही तसं दुसऱ्यांच्याच कृपेचं. देशात टीव्हीचे कारखाने निघावेत, त्यांना शिकलेले हात मिळावेत असं सरकारच्या मनात आलं, म्हणून आयटीआयमध्ये टीव्ही दुरुस्तीचा ट्रेड होता. मुलींसाठी राखीव जागा होत्या, म्हणून उत्रोलीच्या भातखाचरात वाढलेली मी तिथे सोल्डरिंग शिकले. टीव्हीचा कारखाना काही भोरला आला नाही. सरकारला लोक नावं ठेवतात, मीही ठेवते, पण पोटाला लावलं ते त्यानेच, हे मी विसरत नाही.

ते ड्रायव्हर पुढे रिटायर झाले आणि वेल्ह्याजवळच्या आपल्या गावी राहायला लागले. आता मी त्यांना आजोबा म्हणते. आजींना डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नाही. टीव्ही लागला की आजी ऐकतात आणि आजोबा शेजारी बसून चित्र सांगतात. "आता ती खिडकीत हुबी हाय. आता डोळं पुसतीय." मालिकेला त्यांच्या घरी असा दुहेरी आवाज असतो.

त्यांच्या छपरावर डिशची छत्री होती, टीव्हीखाली छत्रीचा डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स होता, आणि त्यामुळे रिमोट दोन होते. चुकीच्या रिमोटवरचं 'सोर्स'चं बटण दाबलं गेलं की सगळा पडदा निळा व्हायचा आणि त्यावर 'नो सिग्नल' यायचं. बिघडलेलं काहीच नसायचं. म्हणून मी सगळ्या म्हाताऱ्या माणसांच्या रिमोटवर लागणाऱ्या बटणांना लाल नेलपॉलिशचा जाड ठिपका द्यायचे आणि बाकीच्यांवर चिकटपट्टी लावायचे. तरी पट्टी सुटायची, बोट चुकायचं, आणि मला बोलावणं यायचं. खरं सांगायचं तर माझं निम्मं काम एवढंच होतं.

मग दिल्लीचा मसुदा आला. नव्या टीव्हीत छत्रीचा सिग्नल घेणारा भाग आतच बसवायचा, वेगळा डबा नको, दुसरा रिमोट नको, असं मानक ठरवायचं चाललं होतं. लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. आम्हा मेकॅनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक तयार हरकतपत्र फिरत होतं. खाली फक्त नाव घालून पाठवायचं होतं. डबा गेला की आपलं निम्मं काम गेलं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी ज्या सरकारचे आभार मानत आले, त्याच्यावर त्या दिवशी दातओठ खात नाव टाइप केलं.

पाठवणार, तेवढ्यात फोन वाजला. शेजारणीच्या मोबाईलवरून आजी बोलत होत्या. "पोरी, येऊन जा. टीवीचं न्हाई, ह्यांचं बग."

स्कूटर काढली आणि नसरापूरवरून थेट त्यांचं घर गाठलं. आजोबा ठणठणीत होते. टीव्हीसमोर बसून मोठ्याने सांगत होते, "आता सासू हात जोडतीय बग. म्हनतीय, सूनबाई, माजं चुकलं." आजी शेजारी मान डोलवत होत्या. समोर पडदा निळाशार.

मला बघून आजोबांचं तोंड एवढंसं झालं. मग त्यांनी अंगणात नेऊन मला हळूच सगळं सांगितलं. चार दिवसांपूर्वी बोट चुकलं होतं. त्याच आठवड्यात मी दोनदा येऊन गेले होते, म्हणून तिसऱ्यांदा बोलवायचा त्यांना संकोच वाटला. आजींना त्यांनी सांगितलं, "आवाज गेलाय, चित्र हाय, म्या सांगतो." आणि चार दिवस रोज संध्याकाळी एक अख्खी मालिका मनाने रचून सांगितली, वर बातम्यासुद्धा.

"तुम्हाला कळलं कधी?" आजोबा पाणी आणायला गेले तेव्हा मी आजींना विचारलं.

"पयल्याच दिशी. ती सून एकदम गुनाची झाली, सासू बी सुदारली. असं कुटं टीवीत असतंय व्हय?" आजी हसत होत्या, मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "पन घसा बसलाय गं त्यांचा. ते काय थांबायचे न्हाईत, आन् मला कळलंय असं म्या कसं सांगू?"

मी एक बटण दाबलं. मालिका लागली, सासू सुनेवर ओरडत होती. मला माझीच फार लाज वाटली. ज्या माणसाने मला पहिलं गिऱ्हाईक दिलं, तो चार दिवस घसा फोडून बसला होता, आणि त्याची ही अडचण तशीच राहावी म्हणून मी नाव टाइप करून ठेवलं होतं.

घरी येऊन हरकतपत्र पुसलं आणि सूचना लिहिली, माझ्या साध्या मराठीत. रिमोट एकच असावा. लाइट जाऊन आली की तोच चॅनल आपोआप लागावा. आणि मुख्य बटणावर हाताला लागेल असा उंच ठिपका असावा, कारण नेलपॉलिश उडतं. ग्रुपवर कळल्यावर एकाने लिहिलं, "ताई, स्वतःच्या पायावर धोंडा."

सूचना मिळाल्याची एका ओळीची पोच आली. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. आत सगळं असलेले, एका रिमोटचे टीव्ही बाजारात आले एवढं खरं. त्यावर उंच ठिपका नाही, तो अजून मीच देते. आजोबांच्या मुलाने दिवाळीत तसा एक टीव्ही घेतला आणि मी तो भिंतीवर लावून दिला. दुकानातलं काम खरोखरच कमी झालं. आता इन्व्हर्टर बघते, शाळांमधले मोठे पडदे बघते, आणि कधी कधी दुपारभर नुसती स्टँडवरच्या गाड्या बघत बसते.

वेल्ह्याहून नंतर बोलावणं आलंच नाही. मी मागितलं तसंच झालं याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. शेवटी एका रविवारी न बोलावता गेले, सवयीने हत्यारांची बॅग घेऊनच.

टीव्ही बंद होता. काही न विचारता मी रिमोट उचलला.

"ऱ्हाऊ दे पोरी, ते चांगलं चालतंय," आजी म्हणाल्या. "म्याच बंद कराया लावलंय. त्यात सारखी भांडनं. ह्येच चांगलं सांगत्यात." मग त्यांनी हाताने चाचपून शेजारची जागा मला दाखवली. "तुजी वाट बगून डोळं शिनलं असतं, पन डोळंच न्हाईत. बस हितं."

आजोबा जरा लाजले, मग घसा खाकरून पुढे सांगायला लागले. मी बॅग कोपऱ्यात ठेवून आजींच्या शेजारी बसले. त्या गोष्टीतल्या सुनेने गावात टीव्ही दुरुस्तीचं दुकान काढलं होतं, आणि तिच्याकडे पहिला टीव्ही घेऊन सासूच आली होती.